प्रक्रिया नियंत्रक संगणक : प्रक्रियकभार व क्रमवीक्षण-काल

रासायनिक कारखाने, तेल शुद्धीकरण कारखाने, कागद गिरण्या, वीजनिर्मिती केंद्रे इ. ठिकाणी तापमान, दाब, प्रवाह, पातळी यांसारख्या राशी ठराविक मूल्यांवर राखण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या अंकीय संगणकाला प्रक्रिया नियंत्रक संगणक म्हणतात. हा संगणक संवेदकांकडून येणारी मोजमापे क्रमाक्रमाने वाचतो, प्रत्येक मोजमापाची इष्ट मूल्याशी तुलना करून दुरुस्ती काढतो आणि ती झडपा, चलित्रे (मोटरी) वगैरेंकडे पाठवितो. वाचन, गणन व प्रदान यांचा हा फेरा अखंड चालू असतो. या फेऱ्याला क्रमवीक्षण व एका फेऱ्यास लागणाऱ्या वेळेला क्रमवीक्षण-काल म्हणतात. उपलब्ध वेळेपैकी प्रत्यक्ष कामात खर्च होणारा हिस्सा म्हणजे प्रक्रियकभार होय. फेरे वारंवार केले, तर भार वाढतो. कामे वाढविली, तर फेरा लांबतो. या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रश्न पहिल्या नियंत्रक संगणकाबरोबरच उद्‌भवला व संगणकांचा वेग लक्षावधी पटींनी वाढल्यावरही तो निकालात निघालेला नाही.

संगणकापूर्वीच्या काळात हा प्रश्न नव्हता. १९४०च्या सुमारास प्रचारात असलेल्या वायवीय (दाबाखालील हवेवर चालणाऱ्या) नियंत्रकांत प्रत्येक झडपेमागे स्वतंत्र उपकरण असे. त्यातील भाते, तरफा व तोट्या सतत कार्य करीत राहत. शेजारच्या उपकरणाला किती काम आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. जॉन झीग्लर व नॅथॅनिएल निकोल्स यांनी १९४२ मध्ये प्रमाण, समाकलन व अवकलन या तीन क्रियांच्या नियंत्रकाचे मेळन कसे करावे, याचे जे सुप्रसिद्ध नियम दिले, ते अशा सतत कार्य करणाऱ्या उपकरणांसाठी होते. शंभर उपकरणांची जागा एका संगणकाने घेतली, तेव्हा शंभर झडपांना एकाच गणन करणाऱ्या भागापुढे रांगेत उभे राहावे लागले. पुढील सर्व इतिहास या रांगेचा आहे.

अमेरिकेतील टेक्सस राज्यात पोर्ट आर्थर येथील टेक्साको कंपनीच्या तेल शुद्धीकरण कारखान्यात मार्च १९५९ मध्ये बहुवारिकीकरण (लहान रेणू जोडून मोठे रेणू बनविण्याच्या) विभागावर आरडब्ल्यू-३०० हा संगणक कार्यान्वित झाला. २६ प्रवाह, ७२ तापमाने, ३ दाब व ३ रासायनिक संघटने त्याच्या कक्षेत होती. १९५८च्या सुमारास उपलब्ध असलेल्या यंत्रांना एक बेरीज करण्यास सु. १ मिलिसेकंद (सेकंदाचा हजारावा भाग) व एका गुणाकारास सु. २० मिलिसेकंद लागत आणि मध्यवर्ती भाग सरासरीने ५० ते १०० तासांत एकदा तरी बंद पडे. अशा यंत्राच्या हाती झडपा थेट सोपविणे शक्यच नव्हते. त्यामुळे झडपा वायवीय अथवा विद्युत् नियंत्रकांकडेच ठेवून त्यांची इष्ट मूल्ये तेवढी संगणकाने अधूनमधून बदलावी, अशी योजना रूढ झाली. संगणकास उशीर झाला वा तो बंद पडला, तरी कारखाना आधीच्या मूल्यांवर चालू राही. या पर्यवेक्षी पद्धतीत वेळेचा प्रश्न सुटला नव्हता. तो टाळण्यात आला होता.

त्या काळच्या अनेक यंत्रांची स्मृती फिरत्या चुंबकीय पिंपावर असे. हवी ती आज्ञा वाचकाखाली येईपर्यंत प्रक्रियकास थांबावे लागे. म्हणून कार्यक्रम लिहिणारे लोक एक आज्ञा पूर्ण होता होता पुढची आज्ञा नेमकी वाचकाखाली येईल, अशा बेताने आज्ञांची मांडणी पिंपाच्या परिघावर करीत. वेळेची काटकसर इतक्या हातघाईने करण्याचा प्रसंग या क्षेत्रात पुन्हा क्वचितच आला असेल.

थेट अंकीय नियंत्रण : प्रश्न टाळण्याची सोय १९६२ मध्ये संपली. इंग्लंडमधील लँकाशर परगण्यात फ्लीटवुड येथे इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या सोडा बनविण्याच्या कारखान्यात फेरँटी कंपनीचा आर्गस संगणक बसविण्यात आला. त्याने जुनी सर्व नियंत्रक उपकरणे बाजूला सारली. तो २२४ राशी मोजीत असे व १२९ झडपा स्वतः हलवीत असे. ब्लडहाउंड या क्षेपणास्त्राच्या जमिनीवरील मार्गदर्शक यंत्रणेसाठी विकसित झालेला हा संगणक अशा रीतीने सोड्याच्या कामी लागला. त्याचा कार्यक्रम फळीवरील छिद्रांत फेराइटच्या लहान खुंट्या बसवून साठविला जाई. कार्यक्रमात बदल करावयाचा, तर माणसाला उठून हाताने खुंट्या हलवाव्या लागत. ही गैरसोय खरी. परंतु चालू यंत्रात कोणी सहज ढवळाढवळ करू शकत नसे, हा तिचा गुण पुढील काळातील एका दुर्घटनेच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे.

१९६२च्या संगणकास बेरजेला सु. ०·१ व गुणाकारास सु. १ मिलिसेकंद लागे. एका झडपेच्या दुरुस्तीसाठी चार गुणाकार व दहा बेरजा लागतात असे धरले, तर ५ मिलिसेकंद होतात. १२९ झडपांना सु. ६४५ मिलिसेकंद. म्हणजे सर्व झडपांची दखल दर सेकंदाला घ्यावयाची, तर केवळ या मूळ गणितात दोन-तृतीयांश वेळ संपतो. मोजमापांचे एककांत रूपांतर, मर्यादांची तपासणी, धोक्याच्या सूचना, नोंदींचे मुद्रण हे सर्व उरलेल्या वेळेत करावे लागेल. ही आकडेमोड केवळ नमुन्यादाखल आहे. पण तत्कालीन अभियंत्यांपुढील अडचणीचा अदमास तीवरून येतो.

तोड निघाली ती प्रक्रियांच्या स्वभावातून. नळातील प्रवाह क्षणात बदलतो. मोठ्या पात्रातील द्रवाचे तापमान सावकाश बदलते. तेव्हा प्रवाहाची पाहणी दर सेकंदाला, दाब व पातळी यांची सु. ५ सेकंदांनी आणि तापमानाची सु. २० सेकंदांनी करावी, असे ढोबळ प्रमाण १९६०–७० या दशकाच्या पूर्वार्धात मान्य झाले. दोन पाहण्यांमध्ये झडप आहे त्या स्थितीत राहत असल्यामुळे सरासरीने अर्ध्या कालांतराइतका विलंब नियंत्रण मंडलात शिरतो. प्रक्रियेच्या अंगच्या विलंबापुढे तो नगण्य असेल, तर काही बिघडत नाही. तुल्यबळ असेल, तर मंडल हेलकावे खाऊ लागते. उलट, कालांतर विनाकारण कमी ठेवल्यास दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा वेळ जातो. शिवाय पंपाच्या ठोक्यांसारखी जलद कंपने विरळ नमुन्यांतून पाहिली, तर ती संथ चढउतारांचे खोटे रूप घेतात. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नमुना-सिद्धांताचा हा व्यावहारिक परिणाम होय. तो टाळण्यासाठी मोजमाप संगणकात शिरण्यापूर्वीच त्यातील जलद कंपने गाळावी लागतात. नंतर कितीही गणित केले, तरी खरे-खोटे वेगळे करता येत नाही.

याहून सूक्ष्म दोष अनियमिततेचा आहे. अवकलन क्रियेत मोजमापातील फरकास मधल्या वेळेने भागतात. कार्यक्रमात ही वेळ १ सेकंद गृहीत धरलेली असून फेरा कधी ०·७, तर कधी १·४ सेकंदांत पूर्ण होत असेल, तर राशी एकाच गतीने बदलत असूनही तिची गती बदलते आहे असे संगणकास वाटते व तो झडपेला निष्कारण हिसके देतो. नियमितपणे येणारा थोडा विलंब मेळन करताना हिशेबात धरता येतो. अनियमित विलंब धरता येत नाही. म्हणून कारखान्यात सरासरी वेगापेक्षा वक्तशीरपणाला अधिक मोल आहे. संगणक विकत घेणाऱ्यांना मात्र हे पटवून देणे आजही सोपे नाही, कारण विक्रीपत्रकात वेग छापलेला असतो. वक्तशीरपणा छापलेला नसतो.

रिले व शिडी-आकृती : दुसरी परंपरा मोटारगाड्यांच्या कारखान्यांतून आली. तेथील यंत्रांचे क्रम रिले या विद्युत् चुंबकीय स्विचांच्या भिंतभर जोडण्यांनी ठरत व गाडीचा नमुना बदलला की जोडण्या नव्याने कराव्या लागत. जनरल मोटर्स कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ मध्ये या जोडण्यांना पर्याय म्हणून कार्यक्रमयोग्य नियंत्रकाची मागणी नोंदविली. रिचर्ड मॉर्ली व त्यांचे बेडफर्ड असोशिएट्स येथील सहकारी यांनी तयार केलेला मॉडिकॉन ०८४ हा नियंत्रक १९६९ मध्ये पुढे आला. विजेच्या कामगारांना परिचित असलेली रिलेंची शिडीसारखी आकृतीच त्यात कार्यक्रम म्हणून भरता येई, हे त्याच्या प्रसाराचे मुख्य कारण होय.

या आकृतीत एक फसगत दडलेली होती. खऱ्या रिलेंच्या भिंतीवर सर्व पायऱ्या एकाच वेळी कार्य करतात. नियंत्रकात त्या वरून खाली एकेक करून सोडविल्या जातात. फेऱ्याच्या आरंभी सर्व आदानांची स्थिती टिपून घ्यावयाची, मग सर्व पायऱ्या सोडवावयाच्या व शेवटी सर्व प्रदाने एकदम बदलावयाची, ही रीत रूढ झाल्याने फेरा चालू असताना मोजमापे बदलण्याचा घोटाळा मिटला. पण आदान टिपून झाल्याच्या पुढल्याच क्षणी बटण दाबले गेले, तर त्याची दखल पुढच्या फेऱ्यात घेतली जाऊन परिणाम त्या फेऱ्याच्या अखेरीस दिसतो. म्हणजे जवळजवळ दोन क्रमवीक्षण-काल जातात. आदानातील गाळणी व प्रदानातील रिले यांचा विलंब निराळाच. बाटल्या भरण्याच्या यंत्रात प्रत्येक बाटली प्रकाशकिरण २० मिलिसेकंद अडवीत असेल आणि फेरा ३० मिलिसेकंदांचा असेल, तर काही बाटल्या नियंत्रकाच्या दृष्टीने आल्याच नाहीत असे होते. अशा जलद घटनांसाठी स्वतंत्र गणित्र ठेवतात किंवा चालू काम थांबवून घटनेची तत्काळ दखल घ्यावयास लावणारा व्यत्यय-संकेत योजतात. व्यत्ययांची संख्या वाढली, की मूळ फेरा लांबतो. म्हणून त्यांचाही वापर हात राखूनच करावा लागतो. फेरा ठराविक मर्यादेपलीकडे लांबल्यास प्रदाने सुरक्षित स्थितीत नेणारा पहारेकरी कालमापक नियंत्रकात बसविलेला असतो. तो वारंवार अडवू लागला, तर त्याची मर्यादाच वाढवून ठेवण्याचा मोह अननुभवी माणसाला होतो. ताप उतरावा म्हणून तापमापीचे आकडे पुसण्यासारखेच हे आहे.

भाराची मर्यादा : प्रक्रियकावर किती टक्के भार चालेल, याचे उत्तर बराच काळ अनुभवावर अवलंबून होते. सी. एल. ल्यू व जेम्स लेलँड यांनी १९७३ मध्ये त्यास गणिती पाया दिला. ज्याचा आवर्तनकाल लहान, त्या कामास कायमचा वरचा अग्रक्रम द्यावयाचा, अशी व्यवस्था केली असता दोन कामांसाठी भार सु. ८२·८ टक्क्यांपर्यंत व कामांची संख्या पुष्कळ असल्यास सु. ६९·३ टक्क्यांपर्यंत असला, तर कोणतेही काम चुकणार नाही याची खात्री देता येते, असे त्यांनी सिद्ध केले. एका उदाहरणावरून यातील मर्म कळेल. पहिले काम दर १०० मिलिसेकंदांनी येते व त्यास ५० लागतात. दुसरे दर १४० मिलिसेकंदांनी येते व त्यास ६० लागतात. एकूण भार सु. ९३ टक्के, म्हणजे वेळ शिल्लक आहे. तरीही पहिल्या शंभरात दुसऱ्या कामास ५० मिलिसेकंद मिळतात, नंतर १५०पर्यंत पहिले काम प्रक्रियक अडवून बसते आणि दुसऱ्याची १४०ची मुदत १० मिलिसेकंदांचे काम उरलेले असताना टळून जाते. दुसऱ्याचा आवर्तनकाल २००, म्हणजे पहिल्याच्या बरोबर दुप्पट केला, तर त्यास १०० मिलिसेकंदांचे काम दिले तरी चालते व भार शंभर टक्के होऊनही चूक होत नाही. आवर्तनकाल एकमेकांच्या पूर्ण पटीत ठेवण्याची नियंत्रकांतील प्रथा केवळ सोयीची नाही, हे यावरून दिसेल.

ज्याची मुदत सर्वांत जवळ, त्याला प्रथम स्थान दिल्यास शंभर टक्के भारापर्यंत जाता येते, हेही त्याच निबंधात दाखविलेले आहे. परंतु भार शंभराच्या वर गेला, तर अशा व्यवस्थेत कोणाचे काम चुकेल हे आधी सांगता येत नाही. कायम अग्रक्रमाच्या व्यवस्थेत निदान कमी महत्त्वाचे काम मागे पडेल, अशी तजवीज करता येते. कारखान्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

विकेंद्रीकरण : सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त होऊ लागताच रांगच मोडून टाकण्याची कल्पना पुढे आली. १९७५ मध्ये हनीवेल कंपनीची टीडीसी २००० व जपानमधील योकोगावा कंपनीची सेंटम या वितरित नियंत्रण यंत्रणा बाजारात आल्या. हनीवेलच्या मूळ नियंत्रकाकडे केवळ आठ नियंत्रण मंडले असत व त्यांची दखल सेकंदातून तीन वेळा घेतली जाई. मंडलांची संख्या ठरलेली, काम ठरलेले. त्यामुळे भाराचा हिशेब कारखान्यातील माणसाला करावाच लागत नसे. प्रस्तुत लेखकाच्या मते या क्षेत्रातील सर्वांत समजूतदार रचनांमध्ये तिची गणना करावी लागेल.

ही स्थिती टिकली नाही. पुढच्या पिढ्यांतील नियंत्रकांत शेकडो गणन-ठोकळे हवे तसे जोडण्याची मुभा मिळाली आणि प्रत्येक ठोकळ्याचा आवर्तनकाल व पाळी ठरविण्याची जबाबदारी पुन्हा अभियंत्याकडे आली. समजा, नियंत्रकाचा मूळ फेरा अर्ध्या सेकंदाचा असून दर दोन सेकंदांनी करावयाचे २०० ठोकळे त्यात आहेत व प्रत्येकास ३ मिलिसेकंद लागतात. सर्वांची पाळी एकच ठेवली, तर चारांपैकी एका फेऱ्यात ६०० मिलिसेकंदांचे काम येऊन तो उतू जातो व उरलेले तीन फेरे रिकामे जातात. पन्नास-पन्नासांच्या चार पाळ्या केल्या, तर प्रत्येक फेऱ्यात १५० मिलिसेकंदच लागतात. दोन्ही प्रसंगी सरासरी भार ३० टक्केच दिसतो. केवळ सरासरीचा आकडा पाहून निर्धास्त राहणाऱ्यास पहिल्या प्रसंगातील दोष सापडणे कठीण असते. पाळ्या वाटतानाही जपावे लागते. तापमानाचा नियंत्रक प्रवाहाच्या नियंत्रकाला इष्ट मूल्य पुरवीत असेल आणि प्रवाहाची पाळी तापमानाच्या आधी येत असेल, तर प्रत्येक दुरुस्ती एक आवर्तन शिळी होऊन पोहोचते. भार उत्तम वाटला गेला, पण मंडल बिघडले, अशी तक्रार बहुधा याच कारणाने येते.

मध्यवर्ती संगणकांवरील भार : झडपांचे काम खालच्या नियंत्रकांकडे गेल्यावर मध्यवर्ती संगणकाकडे पडदे, नोंदी व धोक्याच्या सूचना राहिल्या. ही कामे तातडीची नाहीत, असा समज होता. तो किती महाग पडू शकतो, हे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम येथे १० जून १९९९ रोजी दिसून आले. ऑलिंपिक पाइप लाइन कंपनीच्या १६ इंची नळमार्गातून पेट्रोल वाहत होते. मार्गावरील माल दुसरीकडे वळविताना दाब वाढू लागला. त्याच सुमारास पर्यवेक्षी संगणक मंद होऊन शेवटी आज्ञांना प्रतिसाद देईनासा झाला. काही वेळापूर्वी त्याच चालू संगणकाच्या माहितीसाठ्यात नव्या नोंदी भरण्याचे काम करण्यात आले होते. नियंत्रण कक्षातील माणसाला दाब उतरविण्यासाठी दुसरा पंप सुरू करता आला नाही व नळ फुटला. फुटल्याचे ध्यानात न आल्याने नळमार्ग पुन्हा सुरूही करण्यात आला. सु. २,३७,००० गॅलन (सु. ९ लाख लिटर) पेट्रोल ओढ्यात वाहून पेटले आणि दहा वर्षांची दोन मुले व अठरा वर्षांचा एक तरुण मृत्युमुखी पडले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००२च्या अहवालात पूर्वीच्या खोदकामात नळास झालेली इजा, तिच्या तपासणीतील हलगर्जी व सुरक्षा झडपेची सदोष जुळणी या कारणांबरोबरच चालू यंत्रणेवर माहितीसाठ्याचे काम करण्याच्या प्रथेसही दोष दिला. संगणक प्रतिसाद देत राहिला असता, तर दाबवाढ बहुधा टाळता आली असती, असे मंडळाचे मत पडले.

१४ ऑगस्ट २००३ रोजी ईशान्य अमेरिका व कॅनडातील आँटॅरिओ प्रांत येथील सु. पाच कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. त्या प्रकरणातही ओहायओतील फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण कक्षात दुपारी सव्वादोनच्या सुमारास धोक्याच्या सूचना देणारा कार्यक्रम गोठला. हाताळली न गेलेली कामे साचत गेली, मुख्य संगणक बंद पडला, त्याचे काम राखीव संगणकाकडे गेले व थोड्याच वेळात तोही पडला. एरवी १ ते ३ सेकंदांत ताजे होणारे पडदे ५९ सेकंदांपर्यंत रखडू लागले. संचालकांना सूचना येत नव्हत्या, म्हणून सर्व ठीक आहे अशी त्यांची समजूत झाली. झाडांना लागून तारा एकापाठोपाठ एक बाद होत होत्या. राखीव संगणकाकडे कामाबरोबर साचलेली रांगही सोपविली गेली, तर राखीवपणाचा उपयोग होत नाही, ही गोष्ट त्या दिवशी पुरती स्पष्ट झाली.

आधुनिक नियंत्रकांतील कामांचे आवर्तन व अग्रक्रम कसे नोंदवावे, याची सर्वमान्य रीत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयईसी ११३१-३ (पुढे ६११३१-३) या आंतरराष्ट्रीय मानकाने घालून दिली. प्रक्रियक मात्र अधिक गुंतागुंतीचे होत गेले आहेत. जलद स्मृतीचे अनेक थर व एका चकतीवरील अनेक प्रक्रियक यांमुळे सरासरी वेळ पुष्कळ घटली, पण तेच काम एखाद्या फेऱ्यात किती पटींनी लांबू शकेल हे सांगणे अवघड झाले. पिंपाच्या स्मृतीवर आज्ञा मांडणाऱ्याला प्रत्येक आज्ञेचा विलंब हाताने मोजता येई. आजच्या अभियंत्याला तो प्रत्यक्ष चालवून व त्यावर भर घालून ठरवावा लागतो. म्हणून जाणते लोक नवीन नियंत्रक सोपविला जाताना सरासरी भाराबरोबर आजवरचा सर्वांत लांब फेरा किती होता ते विचारतात, आणि कारखाना सुरू होताना, बंद पडताना व धोक्याच्या सूचनांचा लोंढा आला असताना घेतलेल्या नोंदी पाहिल्यावाचून स्वाक्षरी करीत नाहीत.